दुसरी बाटली

तमनरासेतहून अल्जियर्सला निघालेल्या विमानात त्या दुपारी कॅप्टन मोक्रान खजूर खात होते आणि बिया शर्टाच्या खिशात टाकत होते.

"घरी काकू ओरडतील," सहवैमानिक यामिना म्हणाली.

"तीस वर्षं ओरडतेय. तू कशाला तिची बाजू घेतेस?"

तेवढ्यात डावीकडे धाडकन काहीतरी फुटलं. विमान इतकं थरथरू लागलं, की समोरचे आकडे वाचता येईनात. मग आगीची घंटा वाजली. यामिनाने ती आजवर फक्त सरावात ऐकली होती.

मोक्राननी घंटा बंद केली. "विमान मी सांभाळतो. तू आगीच्या वेळची यादी क्रमाने वाच."

डाव्या इंजिनाची आग विझवायची मूठ लाल उजळली होती. यामिनाने त्या इंजिनाचं इंधन तोडणाऱ्या खटक्यावर हात ठेवला, पण खटका ओढला नाही. चुकून धडधाकट इंजिन बंद पडलं, तर खाली नुसतं वाळवंट होतं.

"डावं?"

"डावं. मीही बघतोय. ओढ."

थरथर ओसरली. तिने लाल मूठ वर ओढून पिळली. आग विझवणारी पहिली बाटली इंजिनात रिकामी झाली. आता अर्धं मिनिट वाट बघायची होती. दोघंही त्या लाल उजेडाकडे बघत राहिले. तो विझला नाही.

"दुसरी सोड," मोक्रान म्हणाले.

तिने मूठ उलटी पिळली. पुन्हा तेच थांबणं. उजेड तसाच होता, आणि तिसरी बाटली नव्हती.

फोन वाजला. मागून बद्रा बोलत होती, केबिनची प्रमुख. तिच्यामागे कुणीतरी मोठ्याने कलमा म्हणत होतं. "कॅप्टन, डाव्या खिडक्यांतून ज्वाळा दिसताहेत. लोक उजवीकडे गर्दी करताहेत. काय सांगू त्यांना?"

"उतरतोय म्हणून सांग. सगळ्यांना बसव, पट्टे बांधायला लाव. थांबल्यावर फक्त उजवीकडचे दरवाजे उघडायचे."

सर्वांत जवळचा विमानतळ इन सालाह होता. तिथल्या मनोऱ्यातला माणूस म्हणाला, वाळू उडतेय, धावपट्टी जेमतेम दिसतेय. एल गोलियाला हवा स्वच्छ आहे. पण तिथे पोहोचायला दुप्पट वेळ लागणार होता.

"पंख तेवढा टिकेल?" मोक्राननी विचारलं.

"माहीत नाही, कॅप्टन."

"मलाही नाही. इन सालाह."

विमान वाळूच्या धुरकट पिवळ्या ढगात शिरलं आणि बाहेरचं सगळं नाहीसं झालं. यामिना उंचीचे आकडे मोठ्याने वाचत होती. आवाज आपलाच आहे, असं तिला वाटत नव्हतं.

"धावपट्टी दिसतेय का?"

"नाही."

"आता?"

"नाही... थांबा. दिसली. थोडी उजवीकडे."

चाकं जोरात आदळली. मोक्राननी ब्रेक दाबून धरले. विमान थांबताच त्यांनी सगळ्यांना उतरायला सांगितलं. मागे दरवाजे उघडल्याचे आवाज आले, आणि बद्रा ओरडत होती, "सामान ठेवा! उड्या मारा!"

यामिना उठली. मोक्रान मात्र बसूनच होते. पट्ट्याची कडी ते पुन्हा पुन्हा दाबत होते, पण ती उघडत नव्हती. तिने वाकून ती उघडली.

"चला, काका." आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांना तशी हाक मारली.

दोघं रिकाम्या केबिनमधून मागे गेले, प्रत्येक रांग पाहिली आणि शेवटी दाराला लागलेल्या आणीबाणीच्या घसरगुंडीवरून खाली आले. प्रवासी दूर, वाळूत घोळक्याने उभे होते. एका म्हाताऱ्याचा घोटा मोडला होता. बाकी सगळे चालत होते, रडत होते, घरी फोन लावत होते.

धावत आलेल्या बंबाचा फेस पडत असतानाच डावं इंजिन पंखापासून निखळलं आणि जमिनीवर कोसळलं. एल गोलियाला निघाले असते, तर विमान अजून वाटेतच, हवेत असतं. यामिना वाळूतच बसली, आणि बद्राने दोनदा हाताला धरूनही तिला उठता येईना.