रामकिशनरावांच्या कोटावरचा कवी

मित्रांनो, मी चांदीचा एक जुना स्मृतिशिक्का आहे. चौऱ्याहत्तर साली एका राष्ट्रकवीच्या स्मरणार्थ मला पाडलं. एका अंगावर कवीचा चेहरा, दुसऱ्यावर लेखणी. केवढा तोरा होता मला! तो सगळा तोरा गोरेगाव नावाच्या खेड्यात उतरला.

तिथल्या रामकिशनरावांनी गावाला वाचनालय देण्याचं कबूल केलं, म्हणून भरसभेत मी त्यांना मिळालो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोनाराकडून कवीच्या कपाळात भोक पाडून घेतलं आणि मला कोटावर टांगलं. बाजारात, जीपमध्ये, लग्नाच्या पंगतीत मी त्यांच्या पोटावर आपटत फिरलो.

"हे कोन हायत?" कुणी विचारलं की ते म्हणत, "लई मोठा मानूस. आपल्या वळखीचा."

कवी तर यांच्या जन्माआधीच वारला होता! यांच्यापेक्षा बैलाच्या गळ्यात शोभलो असतो.

वाचनालयाची पुस्तकं आली आणि कडब्याच्या खोलीत पोत्यांतच राहिली. तिथं झाडायला सोजराबाई येई. ती प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती.

"मालक, एक पुस्तक घरी नेऊ का?"

"तुला काहून पाहिजे? हाताळून खराब होते."

तोवर निम्मी पानं वाळवीनं हाताळली होती. सोजराबाई केरसुणी काखेत धरून उरलेली वाचू लागली.

वर्षभरानं तालुक्याचे साहेब वाचनालय बघायला आले. दारावर नवी पाटी, आत चार खुर्च्या. साहेब माझ्याकडं बोट दाखवून सहज म्हणाले, "रामकिशनराव, या कवीच्या दोन ओळी होऊन जाऊ द्या."

रामकिशनराव खोकले. "घसा बसलाय, साहेब."

पाणी घेऊन आलेली सोजराबाई म्हणाली, "मी म्हनू का?" आणि तिनं अख्खी कविता म्हटली. कुठं अडली नाही.

"कुठं वाचली, बाई?"

मालकाचे डोळे तिच्यावर रोखलेले. तिचं पोट त्याच घरच्या कामावर होतं. तरी ती म्हणाली, "कडब्याच्या खोलीत, साहेब. समदी पुस्तकं तिथंच हायत. वाळवी खाऊन राहिली."

रामकिशनरावांनी घाईघाईनं मला ओढून तिच्यापुढं धरलं. "घे, बक्षीस घे!"

"चांदी ऱ्हाऊ द्या, मालक. पुस्तकं द्या."

माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच किळस आली.

तिचं काम गेलं. पण साहेबांनी पोती सोडवली, आणि बासष्ट पुस्तकं लोकांच्या डोक्यांवर बसून तिच्या वस्तीतल्या बुद्धविहारात गेली. संध्याकाळी तिथं माणसं वाचायला बसू लागली. मी सुपारीच्या डब्यात पडलो.

मला घासूनपुसून ठेवू नका, खुशाल काळा पडू द्या. पण तुमच्या गावात पुस्तकांचं एखादं पोतं बांधलेलं असेल, तर आज जाऊन त्याची गाठ सोडा.