कन्फेशनची तालीम

सात वर्षांच्या पोराकडे पापं असून असून असणार किती? पण दुसरीच्या वर्गाला ते कोण सांगणार. ईस्टरच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, मे महिन्यात पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पहिला प्रसाद, आणि किलमोरा गावच्या शाळेत दरवर्षी ही सगळी तयारी वर्गशिक्षिका फिनूला कॉन्सिडाइनच्या गळ्यात. स्वतः फिनूला नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नसे. ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं, गावचे धर्मगुरू फादर क्यूसॅकही नाही.

तालमीची पद्धत ठरलेली. वर्गाच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाआड दोन खुर्च्या. एकीवर फिनूला फादर बनून बसणार, गळ्यात फादरांच्या पट्ट्यासारखा जांभळा स्कार्फ. पोरं एकेक करून येणार, क्रूसाची खूण करणार, दोन-चार पापं सांगणार, पश्चात्तापाची प्रार्थना घडाघडा म्हणून पळणार. एक गोष्ट ती दरवर्षी आधी बजावायची: तालमीत खोटी पापं सांगा, खरी फादरसाठी ठेवा. यंदा नेमकं तेच राहिलं. बाहेर पाऊस, मधली सुट्टी वर्गातच गेलेली, पोरं नुसती उधळली होती. त्यांना गप्प बसवायला तिने गुप्ततेचं पुराण लावलं. फादरला तुरुंगात टाकलं तरी तो कुणाचं पाप कुणाला सांगत नाही, म्हणाली.

"आणि तुम्ही, मिस?" क्लोडाने विचारलं.

"मीपण नाही," फिनूला बोलून गेली. तिचं सगळं लक्ष खिडकीवर चढलेल्या रोननकडे होतं.

मग रोननलाच पहिल्यांदा खुर्चीत बसवलं.

"मिस, माझ्याकडे एकच पाप आहे. चालेल का? डाराकडे सहा आहेत, तो मला दोन द्यायला तयार आहे."

"फादर म्हण. आणि आपापलीच सांगायची असतात."

"मग उद्यापर्यंत करून आणतो."

फिनूलाला हसू आवरेना. त्याच हसऱ्या तोंडाने तिने क्लोडाला बोलावलं. क्लोडा किनेन म्हणजे वर्गातली सगळ्यात शहाणी पोर. सांगावं लागत नाही, रागवावं लागत नाही. हल्ली तेवढ्या जांभया फार देत होती.

"फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. मी टाइगला रडू दिलं."

टाइग तिचा धाकटा भाऊ, जेमतेम वर्षाचा.

"बाळं रडतातच गं. पुढचं?"

"खूप वेळ रडत होता. मम्मीने गॅसला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणून मी दूध गारच दिलं. तो पिईना. मग मी दार लावून घेतलं आणि कानांवर उशी धरली."

"आणि मम्मी?"

"मम्मीची रात्रपाळी असते ना. ती सकाळी येते. कुणाला सांगायचं नाही असं तिने सांगितलंय." क्लोडाने स्कार्फकडे बघितलं. "पण इथे चालतं ना?"

 फिनूलाने सवयीने, प्रायश्चित्त म्हणून, एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितली. पोरगी उठली ती इतकी हलकी होऊन, की जागेवर जाताना तिने रोननला चिमटाही काढला.

त्या संध्याकाळी फिनूलाला चैन पडेना. धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. फोन उचलला, ठेवला. क्लोडाची आई लोरेटा शाळेत तिच्याच बाकावर बसायची. नवरा कामाला म्हणून ऑस्ट्रेलियात गेला, आधी पैसे यायचे थांबले, मग फोन. म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळीला दोन पैसे जास्त मिळतात आणि रात्री पोरांकडे बघणारी बाई परवडत नाही. लोरेटा वाईट बाई असती तर बरं झालं असतं. असं काही कानावर आलं तर शिक्षकाने कळवलंच पाहिजे, कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. पण शब्द दिला होता. सात वर्षांच्या पोरीला दिला म्हणून तो शब्द काय कमी होतो? मग तिला तो गॅस आठवे, आणि ती उठून पुन्हा खोलीभर फिरे.

सकाळी क्लोडा आली, प्रार्थनेला उभी राहिली आणि हजेरीतच बाकावर डोकं टेकून झोपली. फिनूला तडक मुख्याध्यापिकेकडे गेली. ब्रीडा हॅनरहनने सगळं ऐकून घेतलं.

"पण तिने मला कन्फेशनमध्ये सांगितलंय, ब्रीडा."

"तू काय फादर आहेस? गळ्यात दुकानातला स्कार्फ घातला म्हणून?"

"तिला ते कुठे ठाऊक आहे?"

"घराला आग लागली असती, तर दोन छोट्या शवपेट्यांपुढे उभी राहून गुप्तता पाळली असतीस का?" ब्रीडाने फोन पुढे ओढला. "मी कळवते. तू वर्गावर जा."

बालसंरक्षण खात्याची बाई त्याच दिवशी येऊन गेली. बाई समंजस होती. लोरेटाला ईस्टरनंतर दिवसपाळी मिळणार, तोवर तिने रात्रीचं काम सोडायचं आणि दिवसा मिळेल ते काम करता यावं म्हणून टाइगला एनिस शहरात पोरांच्या मावशीकडे ठेवायचं, असं ठरलं. छान मार्ग निघाला, असं जो तो म्हणाला. फिनूलाही म्हणाली.

लोरेटाने तिला शाळेच्या फाटकात गाठलं. आवाज चढवला नाही.

"येऊन मला चार शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं, फिनूला. पोरीकडनं काढून घेतलंस, गळ्यात फडकं अडकवून."

"मला सांगावंच लागतं, लोरेटा."

"मग ते तिला आधी सांगायचं होतंस."

 

कन्फेशनच्या दुपारी सगळी शाळा चर्चमध्ये बसली होती. फादर क्यूसॅक वेदीच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते, शेजारी पोरांसाठी एक छोटी खुर्ची. फिनूला रांग सांभाळत होती. रोनन चार पापं जमवून आला होता आणि बोटांवर मोजत होता. तो पुढे गेला, आणि त्याच्यामागे क्लोडाचा नंबर. इतके दिवस वर्गात ती विचारलं तेवढंच बोलत होती.

फिनूला खाली वाकली. "क्लोडा, हे खरे फादर आहेत. हे कुणालाही सांगत नाहीत."

"तुम्हीपण असंच म्हणाला होतात."

"हो. मी तसं म्हणायला नको होतं. माझं चुकलं."

क्लोडाने मान डोलावली, मोठी माणसं डोलावतात तशी. "माझ्याकडे एकच पाप आहे, मिस. मी तुम्हाला सांगितलं, म्हणून टाइगला नेलं."

 "ते पाप नाही गं बाळा. अजिबात नाही."

"मग मी काय सांगू?"

रोनन धावतच परत आला. क्लोडा पुढे गेली, छोट्या खुर्चीत नीट बसली, क्रूसाची खूण केली, हात मांडीवर ठेवले. फादर हसले आणि त्यांनी कान तिच्याकडे केला. थोड्या वेळाने आणखी वाकले, काहीतरी हळूच विचारलं. फिनूला तिथूनच तिच्या तोंडाकडे बघत राहिली. क्लोडाने ओठ घट्ट मिटले होते आणि ती मान हलवत होती, नाही म्हणून.