लुमेर

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. शब्दकोश उघडू नका, मी त्यात नाही. माझं नाव लुमेर. मी केसांच्या एका रंगाचं विशेषण आहे. नाहूरच्या गंधाली आणि श्रुतिका या दोन शाळकरी बहिणींनी स्वतःची भाषा काढली होती. नवा शब्द वहीत लिहायचा, पुढे दोघींनी सह्या करायच्या, तरच तो खरा.

त्यांच्या आईचे, सुनंदाचे, केस लवकर पिकले होते. ती लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवून लावायची. महिन्याभराने केस मुळाशी पांढरे, मध्ये नारिंगी आणि टोकाला काळे दिसत. या रंगाला मराठीत शब्द नव्हता, म्हणून मी जन्मलो. बाजारात चुकामूक झाली की गंधाली ओरडायची, "लुमेर, कोथिंबिरीच्या गाडीपाशी!" श्रुतिका बरोब्बर आईपाशी पोहोचायची. काय रुबाब होता माझा!

पुढे गंधालीच्या साखरपुड्यात श्रुतिकाने कौतुकाने माझा अर्थ सासरच्या मंडळींना सांगून टाकला. सगळे सुनंदाच्या डोक्याकडे बघून हसले. सुनंदाही हसली. दुसऱ्या दिवशी तिने केस काळे करायच्या रंगाचं पाकीट आणलं.

त्यानंतर अकरा वर्षं मला कुणी उच्चारलं नाही. वही माळ्यावर गेली. प्रेमातून जन्मलेला मी टोमणा ठरलो. फार लागलं मला ते.

यंदा त्या रंगाने सुनंदाच्या कपाळावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी रंग बंद केला. ती घराबाहेर पडेना. मग एका रविवारी मुलींनीच जुन्या कढईत मेंदी भिजवली. महिन्याने आरशात बघत सुनंदा म्हणाली, "काय गं, तुमचा तो शब्द काय होता?"

मग श्रुतिका रडतच म्हणाली, "सॉरी आई. आम्ही तुला चिडवत नव्हतो गं."

"मग मला का नाही सांगितलंत? जगाला सांगितलंत ना!"

गंधालीने माळ्यावरून वही काढली आणि हळूच मला उच्चारलं. सुनंदाने मला दोनदा म्हणून पाहिलं. मग चष्मा लावला आणि दोन पोरकट सह्यांखाली तिसरी सही केली.

मित्रांनो, लाडाने कुणाला काही नाव ठेवलंत, तर आधी त्याच माणसाच्या कानात सांगा. आमचं आयुष्य तुमच्या ओठांवर असतं. माझी अकरा वर्षं गेली, आणि सुनंदाचीही.