क्लच पूर्ण दाबला होता

ब्रेकबाईंनी जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलून ओट्यावर नेलं, टेबल पुसलं, ते वाळेपर्यंतही धीर निघेना म्हणून हातरुमालाने परत पुसलं आणि त्यावर एकतीस वह्या धपकन ओतल्या.

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या गाडी शिकवायच्या. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असलेली गाडी, आणि बाई आपल्या बाजूचा ब्रेक असा काही दाबायच्या, की शिकणाऱ्याचा चष्मा नाकावरून हनुवटीवर यायचा. हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच.

तर गाडी नवीकोरी घेतलेली. दोन वर्षांची वॉरंटी आणि त्यातले आता चार दिवस उरलेले. गाडी मधूनच, तिच्या मनाला येईल तेव्हा बंद पडायची. तीनदा वर्कशॉपमध्ये नेली, पण तिथे ती इतकी गुणी वागली, की मेकॅनिक लोक बाईंकडेच संशयाने बघायला लागले. शेवटी कंपनीचं पत्र आलं: वाहनात दोष नाही, शिकाऊ चालक क्लच पूर्ण दाबत नसल्याने वाहन बंद पडते. बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी फोनवर असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की कंपनीने शनिवारी एक तपासनीस पाठवायचं कबूल केलं. हा शेवटचा. त्याने दोष मान्य केला तर गाडी बदलून मिळणार, नाही केला तर हे धूड जन्मभर बाईंच्या गळ्यात. आणि भर चौकात मान टाकणाऱ्या गाडीत शिकायला बसणार कोण? अख्खी शाळा म्हणजे तर ही एकच गाडी!

आज गुरुवार होता.

"वह्या आणल्यास, पण यातून शोधायचं काय?" नणंदेने विचारलं. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, सगळ्यांची ताई. तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममध्ये काढून निवृत्त झालेली. कागद दिसला की तिच्या बोटांना चैन पडत नसे.

"पुरावा शोधायचा, ताई! प्रत्येक पोरगा-पोरगी, काका-मावशी, जो कोणी शिकायला येतो त्याला मी वही ठेवायला लावते. किती वाजता निघालो, काय केलं, गाडी कुठे बंद पडली, कितव्या मिनिटाला. खाली मी लाल पेनाने शेरा मारते."

"मिनिटसुद्धा?"

"मिनिटसुद्धा. उगाच नाही मला घाबरत."

ताईने पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. गाडी जितक्यांदा बंद पडली तितक्या चिठ्ठ्या करायच्या असं ठरलं. दुपार होईपर्यंत अठ्ठावन्न चिठ्ठ्या झाल्या. त्या आधी तारखेप्रमाणे लावल्या, पण काही दिसेना. वारांप्रमाणे लावल्या, तरी काही दिसेना. बाईंनी चिठ्ठ्या गोळा करून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि खुर्चीत अंग टाकलं.

"झालं! कंपनीचंच खरं. शिकाऊ माणसं, ती बंद पाडणारच गाडी."

"अगं ब्रेकबाई, लगेच ब्रेक काय दाबतेस!" ताई म्हणाली. "आमच्याकडे तापाचा पेशंट आला की डॉक्टर काय विचारायचे? ताप दिवसातून कधी चढतो? दे इकडे चिठ्ठ्या. तारखा सोड, मिनिटं वाच."

बाई वाचायला लागल्या आणि ताई टेबलावर मांडायला लागली. तिसरं मिनिट, सातवं, चौथं, अकरावं. टेबलाच्या डाव्या टोकाला चिठ्ठ्यांची गर्दी झाली. मग अडतिसावं आलं. एक्केचाळिसावं. चव्वेचाळिसावं. या चिठ्ठ्या उजव्या टोकाला पडत गेल्या, आणि मधलं टेबल मोकळंच राहिलं. बाराव्या मिनिटापासून पस्तिसाव्यापर्यंत एकही चिठ्ठी नाही! बाई उठून उभ्या राहिल्या.

"ताई, डावीकडच्या खऱ्या शिकाऊंच्या चुका. गाडी निघतानाच बंद पडते त्यांची. पण या उजवीकडच्या? थांबा, या वेळी काय चाललं होतं ते वाचते. रिव्हर्स पार्किंग. पार्किंग. यू-टर्न. पार्किंग. अहो, प्रत्येक वेळी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं! इंजिन तापलं आणि स्टिअरिंग टोकाला गेलं की मरते ही बया!"

"किती झाल्या?"

"एकोणीस!"

दोघींनी टेबलाभोवती चक्क फेर धरला. ताईचा गुडघा दुखायचा, पण त्या क्षणी गुडघ्याचं कोण ऐकतंय! वर्कशॉपमध्ये गाडी का गुणी वागायची तेही कळलं. तिथे दहा मिनिटं सरळ रस्त्यावर फिरवून आणत. चाळीस मिनिटं तापवून कोण बघतो?

मग ताईने एकोणीस चिठ्ठ्यांवर नंबर घातले, प्रत्येक चिठ्ठी त्या-त्या वहीच्या पानावर लावली, आणि तिचा हात थांबला.

"यातल्या अकरा एकाच वहीतल्या आहेत गं."

बाईंनी वही ओढली आणि अक्षर बघताच त्यांचा चेहरा उतरला. पडदेवालीची वही. बाजारामागच्या गल्लीत तिचं पडदे शिवायचं दुकान. शिवलेले पडदे स्वतः गाडीतून पोचवायचे म्हणून शिकायला आलेली. बाकीचे एरवी अर्धा तास शिकत, क्वचितच तासभर; ही मात्र रोज तासभर, तेही भर दुपारी, दुकान बंद असताना. पाच महिन्यांपूर्वी मध्येच सोडून गेली, आणि वही न्यायलासुद्धा आली नाही.

प्रत्येक नोंदीत तिने लिहिलं होतं: 'क्लच पूर्ण दाबला होता, तरी बंद पडली.' त्याखाली लाल शाईत बाईंचं अक्षर: 'सबबी सांगू नयेत.' पुढे: 'लक्ष नाही.' आणि शेवटच्या पानावर: 'तुम्हाला गाडी जमेल असं वाटत नाही.'

"हा लाल शेरा तपासनिसाने वाचला तर आनंदाने उड्या मारेल," ताई हळूच म्हणाली. "तुझ्याच हातचं लिहिलेलं आहे, चूक चालवणारीची म्हणून."

"आणि ही वही दिलीच नाही तर?"

"तर आठच चिठ्ठ्या उरतात. आठांना तो योगायोग म्हणेल."

बाईंनी शेवटच्या लाल ओळीवर अंगठा ठेवून बघितला. अंगठ्याखाली ती अख्खी झाकली जात होती. ते पान फाडलं तर निदान सगळ्यात वाईट शेरा तरी गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की त्यांनी वही मिटली, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.

पडदेवाली शिलाई मशीनवर होती. मान वर न करताच म्हणाली, "या. पडदे हवेत?"

"नाही. माफी मागायला आलेय."

मशीन थांबलं. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं: चिठ्ठ्या, चाळिसावं मिनिट, टोकाला गेलेलं स्टिअरिंग. पडदेवालीने सुईखालचं कापड बाजूला काढलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी क्लच दाबला होता?"

"दाबला होता. अकराही वेळा."

"मी घरी सांगितलं, वेळ होत नाही म्हणून सोडलं." तिचा आवाज चढला. "पाच महिने मी दुसऱ्याच्या टेम्पोसाठी ताटकळतेय! मशीनवर बसले तरी वाटायचं, आपला पायच मूर्ख आहे. आणि तुम्हाला आता वही उघडायला सवड झाली?"

"हो," बाई म्हणाल्या. "शनिवारी जबाब लागेल. एक सही दिलीत तर उपकार होतील."

"सही देणार नाही."

बाई जायला वळल्या.

"मी स्वतः येईन. लर्निंग लायसन्स अजून चालू आहे. गाडी मीच चालवणार."

शनिवारी तपासनीस आला तो घड्याळ बघतच. ताईने त्याच्या हातात फाईल दिली: वर अनुक्रमणिका, मग वर्कशॉपची तीन जॉबकार्डं, मग एकोणीस नोंदी, खुणेच्या चिठ्ठ्यांसकट. त्याने पानं उलटली, आणि व्हायचं तेच झालं.

"हे लाल अक्षर कुणाचं? 'लक्ष नाही.' 'जमेल असं वाटत नाही.' मॅडम, तुम्हीच लिहिलंय की चालकाची चूक!"

"मीच लिहिलंय, आणि मी चुकले," बाई म्हणाल्या. "आता गाडीत बसा. माझ्या जागेवर."

पडदेवालीने सीट पुढे घेतली, आरसा लावला आणि निघाली. मागच्या सीटवर बाई आणि ताई, ताईच्या हातात घड्याळ. पहिल्या चौकात पडदेवालीने उगाच दोनदा हॉर्न वाजवला. पुढे रंगच चढला. सिग्नल, उतार, बाजारातली गर्दी, सगळीकडून तिने गाडी अशी काढली की बाईंना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. तपासनीस मात्र खिडकीतून बाहेर बघत जांभया देत होता.

"एकोणचाळीस," ताई पुटपुटली.

"त्या खांबाशेजारी रिव्हर्स घ्या," बाईंनी सांगितलं. जीव मुठीत धरून त्या बघत होत्या. पडदेवालीने स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं. गाडी मागे सरकली, खांब काचेत मोठा मोठा होत गेला आणि तपासनिसाची जांभई अर्धवट राहिली. त्याने घाबरून आपल्या बाजूचे दोन्ही पेडल दाणकन दाबले.

गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

"बघा! क्लच..." तो म्हणाला आणि त्याने खाली बघितलं. क्लच त्याच्याच बुटाखाली होता, पार तळापर्यंत दाबलेला.

मग मागून ताईला हसू फुटलं आणि बाईंनी आनंदाने पुढच्या सीटच्या पाठीवर दणादणा बुक्के मारले. तपासनिसाने गाडी परत सुरू करून, चालकाच्या जागेवर स्वतः बसून दोनदा पाहिलं. गाडी दोनदा बंद पडली. माणूस सरळ मनाचा निघाला. त्याने बॉनेटवरच फॉर्म ठेवला आणि लिहिलं: 'क्लच पूर्ण दाबलेला असताना वाहन बंद पडले. दोष मान्य. वाहन बदलून द्यावे. चालकाची चूक नाही.'

जिंकलो! बाईंनी ताईला मिठीच मारली. पण पडदेवाली फॉर्मवर वाकून वाचत होती.

"यातला चालक म्हणजे मी ना?"

"हो. तुम्हीच."

"मग नाव घाला की."

"फॉर्ममध्ये त्याला जागा नाही हो," तपासनीस म्हणाला.

"समासात लिहा," ब्रेकबाई म्हणाल्या. "नावाशिवाय मी सही करणार नाही."

त्याने शेवटचं वाक्य खोडलं. पडदेवालीने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. त्याने ते समासात लिहिलं, पुढे तीन शब्द जोडले आणि सहीसाठी फॉर्म बाईंपुढे सरकवला.

"आधी वाचून दाखवा," पडदेवाली बाईंना म्हणाली. "मोठ्याने."

ब्रेकबाईंनी वाचायला घेतलं. नाव वाचलं आणि फॉर्म पडदेवालीपुढे धरला. मग उरलेलं पडदेवालीनेच वाचलं: "यांची चूक नाही."