एकाच बाटलीचं खाद्य

रविवार असो की दिवाळी, पेशींना सुट्टी नसते. दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाद्य घालायचं, नाहीतर मरतात. पेणहून रोह्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत डुलक्या काढत तीन वर्षं मी हेच केलं. आई म्हणायची, नम्रता, एवढं तर सासूचंही कोणी करत नाय गो.

रोह्यातल्या एका औषध कंपनीच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. माणसं दोनच, उबेद सर आणि मी. औषधाचं विष अंगात नेमकं कसं भिनतं ते बघायला सरांनी माणसाच्या यकृताच्या पेशीतलं एक जनुक बंद पाडलं होतं. हजारो पेशी वाया गेल्या तेव्हा एकीत ते जमलं. त्या एकीपासून वाढलेला सगळा गोतावळा माझ्या हवाली होता. दुसऱ्या एका कामासाठी शेजारी आणखी एका जातीच्या पेशी असायच्या, कॅन्सरच्या. त्या महाखादाड, बघता बघता बाटली भरून टाकायच्या.

१९९७च्या जूनमध्ये मुंबईहून तपासणीचं पत्र आलं. आम्ही पाठवलेल्या पेशी यकृताच्या नव्हत्याच, त्या दुसऱ्या खादाड जातीच्या होत्या. सर पत्र हातात धरून तासभर बसले. मग म्हणाले, "माझंच चुकलं. सुरवातीलाच भलती पेशी उचलली मी."

कोणाचं चुकलं ते मला ठाऊक होतं.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. अंगाचा रंग एकदा कालवला की वाटी रिकामी होईस्तोवर मूर्तीमागून मूर्ती घ्यायची. "रंग सुकवून उठायचं नाय," बाबा ओरडायचे. माझा हात तिथेच वळलेला. प्रयोगशाळेचा नियम होता, प्रत्येक जातीला खाद्याची वेगळी बाटली. पण दोन्ही बाटल्यांच्या तळाशी खाद्याचं ते महागडं गुलाबी पाणी उरायचं आणि फेकताना माझा जीव तुटायचा. धुळवडीपासून मी दोघींना एकाच बाटलीतलं घालायला लागले. एका जातीकडून दुसरीकडे जाताना खाद्य ओढायची नळी बदलायची असते. दमलेली असले की तीही बदलत नसे. खादाडांतली एखादी त्या बाटलीत पडली असणार, तिथून आमच्या पेशींत गेली आणि तीन महिन्यांत तिने सगळं बळकावलं.

सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून सांगितलं नाही, खोटं कशाला बोलू? आठ दिवस रोज ठरवून निघायचे आणि सरांचं तोंड बघून गप्प बसायचे. कुवेतहून त्यांच्या भावाचा फोन यायचा, इकडे दुकानात ये म्हणून. पूर्वी हसून टाळणारे सर आता निमूट ऐकून घेत. त्यांची तीन वर्षं माझ्यामुळे गेली होती आणि दोष ते स्वतःला देत होते. मला माझी किळस आली.

नवव्या दिवशी दुपारी डबे उघडले आणि मी बोलून टाकलं.

"सर, तुमचं नाय चुकलं. मी दोघींना एकाच बाटलीतलं घालत होते."

सरांनी घास खाली ठेवला. "कधीपासून?"

"धुळवडीपासून."

"त्याच्या आधी नाय? नक्की?"

"नक्की, सर. आधी बाटल्या वेगळ्याच होत्या."

वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"संक्रांतीला मी आपल्या पेशींच्या सहा कुप्या गोठवून ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "म्हणजे त्या चांगल्या होत्या."

मी खुर्चीतून उठलेच. "मग काढू या ना! त्यांच्यापासून परत वाढवू. मी रात्री पण थांबेन."

सरांनी डब्याचं झाकण हातात घेतलं.

"मूळ पेशीच भलती, मग ठेवून काय करायचं, असं वाटलं. आज सकाळी सगळ्या वाफेत घालून मारल्या."

मी उभीच राहिले.

"काल सांगितलं असतंस गो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मग त्यांनी न जेवताच डबा बंद केला.