अर्धे तिकीट

इसवी सन १९५३, वैशाखातील मंगळवार, सकाळचे आठ. स्थळ: चांदा जिल्ह्यातील अरण्यातून जाणाऱ्या अरुंद रुळांच्या मार्गावरचे एक लहान स्टेशन. येथून दिवसाकाठी एक गाडी जाते, एक येते. एरवी वाळलेली सागाची पाने फलाटावर फिरतात आणि स्टेशनमास्तर त्यांचा आवाज ऐकत बसतात.

रांजणाशी पाणी देणारी भागीरथा बसली होती. वय पंचवीस, कपाळ उघडे. निघालेला प्रवासी विधवेच्या हातचे पाणी पीत नसे. परतणारा मात्र पीत असे. रूढीचे तर्कशास्त्र असे सोयीचे असते.

मुखरू खिडकीशी आला. मागे बाकावर त्याची कमळा होती. अंगाला हळद, पाय जमिनीला न टेकणारे.

"मास्तर, येक पुरा अन् येक अर्धा द्या जी."

"मुलीचे वय?"

"नववं लागून राह्यलं. उद्या लगीन हाये तिचं, नवरदेवाच्या गावी."

"मुखरू, नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे."

मुखरू हसला. "मंग दोन्ही पुरेच द्या. सोळाची झाली म्हना!"

तिकीट नाकारण्याचा अधिकार नियमपुस्तकात नव्हता. दूरवर शिट्टी झाली. मास्तरांनी तिकिटे उचलली.

"मास्तर." भागीरथा खिडकीजवळ आली होती.

"सरक वं बाई! निघाच्या वक्ती आडवी काऊन आली?" मुखरू खेकसला.

ती सरकली नाही. "मास्तर, माहं तिकीट बी याच खिडकीतून तुमीच देल्लं होतं. जातानी अर्धं. दोन सालानं नवरा मेला, तं येतानी बी अर्धंच, थे बी इथंच तुमीच तपासलं. आठोते?"

मास्तरांना आठवत होते. अकरा वर्षांची, पांढऱ्या लुगड्यात गुरफटलेली पोर. दोन्ही वेळी त्यांनी वय काटेकोरपणे तपासले होते; दुसरे काहीही नाही.

त्यांनी तिकिटे खणात ठेवली आणि खिडकी लावली.

मुखरूने दार ठोठावले, हात जोडले, शेवटी शिव्या दिल्या. "तिकडं मांडव घातला जी! लोकं काय म्हनतीन?"

गाडी आली, मिनिटभर थांबली, गेली. फलाटावर तिघे उरले, एकमेकांपासून दूर. आत मास्तरांनी रोजनाम्यात लिहिले: 'तिकीट नाकारले. नियमबाह्य. जबाबदारी माझी.'

"बा, आता कुठी जाचं?" कमळाने विचारले.

भागीरथाने गडू पुढे केला. पोर घटाघटा प्याली. मुखरूने पाहिले, अडवले नाही. परतणाऱ्याला ते पाणी चालत असे.

"घरी जाचं," भागीरथा म्हणाली. "अर्ध्या तिकिटाची पोर कोनाची बायको होत नाई."