माकडशिंगाला शेंग

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, त्या भादव्यातली ही गोष्ट. अड्याळला कोसा विणणाऱ्या जागेश्वरच्या अंगणात दोन कुंड्यांतलं माकडशिंग फुललं, आणि नेमकं त्याच दिवशी कीर्तनकार सोमाजी महाराजांचं दुपारचं जेवण त्याच्याकडे होतं. सप्ताहात महाराज रोज एका घरी जेवत. कितीएक वर्षांनी यंदा ह्या घराची पाळी लागली होती.

माकडशिंग ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. पान जवळजवळ नाहीच. बोटाएवढ्या चौधारी, मांसल, हिरव्या कांड्या तेवढ्या, खडकाच्या फटीत काटेरी झुडपाच्या आडोशानं उभ्या. पाणी जास्त झालं की सडतात. पावसाळा सरता सरता जांभळट तपकिरी फूल येतं. दिसायला मखमल, वास मात्र मेलेल्या उंदराचा.

गावामागच्या टेकडीवर गिट्टीची खदान लागली, तेव्हा टेकडीच्या दोन टोकांवरून जागेश्वरनं ही दोन झाडं उचलून आणली. बाकीची सुरुंगात गेली. आता खदान बंद होती, पण टेकडीवर माकडशिंग औषधालाही उरलं नव्हतं. कांडी तोडून लावली तर रोप होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते त्याच झाडाचा तुकडा. त्याला बी पाहिजे होतं, टेकडी पुन्हा भरायला. सहा वर्षं फुलं आली आणि गळाली, शेंग एकदाही धरली नाही. यंदा तर एक झाड बुडापासून काळं पडत चाललं होतं.

"अवो अंजूचे बाबा," गोदावरीबाई बेसनाच्या पातोड्या वळता वळता ओरडल्या, "ह्या मढ्याले आजच फुलाचं होतं का? महाराज जेवाले येऊन राहिले! फेका उकिरड्यावर."

"फेकतो कसा? सहा वर्साचं लेकरू हाय."

"मंग लेकराले साबण लावून आंघोळ घाला."

जागेश्वरनं दरवर्षीचंच केलं. कुंड्या मागाच्या खोलीत नेल्या, दार लोटलं, ऊद जाळला आणि फुलांवर पातळ फडकं टाकलं. फुलाला माशी शिवू नये, वास कसाही असो, फूल ते फूल, अशी त्याची श्रद्धा.

ओसरीत पाट मांडला. महाराजांनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"जागेश्वर, घरात कोणी मेलं का रे?"

गोदावरीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "माफ करा महाराज. ह्याइचं झाड हाय ते. मी म्हटलं होतं फेका म्हणून."

"झाड? आण बाहेर."

कुंड्या आल्या. महाराजांनी फडकं बाजूला केलं आणि म्हातारा चेहरा एकदम पोरासारखा फुलला. "अरे, माकडशिंग! वीणा हातात यायच्या आधी ह्याच टेकडीवर बकऱ्या चारल्या म्या. हे फुललं का माशा अशा बसत का फूल दिसे नाई. अन् मंग शेंगा! शिंगावानी, जोडी-जोडीनं. तुह्या झाडाले किती?"

"एकही नाई महाराज. मी एवढा जपतो, ऊद लावतो, माशी बसू देत नाई..."

महाराज असे हसले की वाटीतला रस्सा हिंदकळला. "भल्या माणसा! त्यानं पंगत मांडली माशाइसाठी, अन् तू दारात काठी घेऊन उभा! शेंग काय मी धरवू?"

जागेश्वरनं ते फडकं उचलून खांद्यावर टाकलं. सहा वर्षं त्याच्याच भक्तीनं झाड वांझ ठेवलं होतं.

"पण महाराज, ती घाण..."

"तुले घाण, त्याइले खीर. देवानं ताट काय तुले इचारून वाढलं? ठेव दोन्ही कुंड्या बकरीच्या कोठ्यापाशी, जवळजवळ, एकावरची माशी दुसऱ्यावर जाईन अशा. अन् बाई, तुमी काहून रडून राहिल्या? पातोडी वाढा."

उपरण्यानं नाक झाकत, घासापुरतं उघडत, महाराज पोटभर जेवले. तिसऱ्यांदा रस्सा मागितला, तेव्हा कुठं गोदावरीबाई हसल्या. कोठ्यापाशी माशा घोंगावत होत्या.

काळं पडलेलं झाड दिवाळीआधी गेलं. थंडीत दुसऱ्यावर दोन बारीक टोकं वर आली, माघात ती बोटभर झाली. बी उडून जाऊ नये म्हणून जागेश्वरनं शेंगांवर विरळ कोशाची पिशवी बांधली. होळीनंतर शेंग उकलली. चपटं तपकिरी बी, आणि प्रत्येकाला पांढऱ्या रेशमाचा झुबका. आयुष्यभर कोसा हाताळलेल्या त्याच्या बोटांना इतका तलम धागा कधी लागला नव्हता.

पाऊस लागल्यावर त्यानं टेकडीच्या फटीफटीत, झुडपांच्या आडोशाला बी टोचलं. पंधरा दिवसांनी दोघं नवराबायको वर चढली. गोदावरीबाई धापा टाकत एका फटीशी वाकल्या.

"अवो, इकडं या! हिरवं दिसून राहिलं. हे एक, हे दुसरं..."

मूगभर हिरवे ठिपके. अकरा सापडले. जागेश्वरनं हात जोडले, पण कोणाकडे तोंड करावं ते त्याला कळेना. महाराज पवनीकडं राहत, देऊळ खाली गावात, आभाळ वर. मग तो जोडल्या हातांनी सावकाश गोल फिरला, आणि गोदावरीबाई रोपांवर पाय पडू नये म्हणून त्याचं धोतर धरून त्याच्यासोबत फिरत राहिल्या.